दोन बोटं

स्कोअर आधीच सांगतो : कराड एकेचाळीस, आपण अडतीस.
आता कारण ऐका,
पण बिरनाळे सरांच्या कानावर घालू नका.

मिरजेच्या आमच्या ग्राउंडवर एकच रिंग,
तीही डावीकडं कललेली, दोन बोटं.
कुठल्याशा गणपतीत कमानीचा दोर बांधला होता तिला.
कमान उतरली, वाक राहिला.
सात वर्षं पोरी तिच्यावरच शिकल्या.

मॅचच्या आदल्या रात्री मीच शिडी लावली.
वेल्डिंगचा धंदा माझा, पैसे घेतले नाहीत.
लेव्हल ठेवून बघितली, बुडबुडा बरोबर मधोमध.
समोरच्या टोकाला नवी रिंग, तीही ओळंब्यात.
मग स्वतःवरच खूश होऊन झोपलो.

सकाळी निलोफर मुजावरचा पहिला शॉट
हातातून सुटला तसा मी टाळीला उभा.
तो हात मला पाठ आहे.
ठण्ण. डावीकडं.
दुसरा, डावीकडं.
पाचवा पडला तेव्हा शेंगा माझ्या तोंडात तशाच.
मागून कुणी म्हणालं, पोरी दबल्यात.
शेजारचा शिकलगार म्हणाला, नजर लागली,
आणि खरंच लिंबू आणायला गेला.

पळायला कमी नव्हत्या हं.
कराडची ती उंच पोरगी दोनदा तरी
आपल्या अंगावर आपटून मागं फिरली.
पण हाफटाइमला बारा-चोवीस.

मग सरांनी सुकन्या मगदूम उतरवली.
जूनमध्ये आलेली, लेस कायम सुटलेली,
जिच्या नावानं मी वर्षभर ओरडलो : हिला बसवा!
तिला तो वाक शिकायला वेळच मिळाला नव्हता.
आत. आत. बोर्डाला लागून आत.
सोळा पॉइंट एकटीचे.
मी ओरडत होतो, आणि लाजही वाटत होती.

शेवटचे नऊ सेकंद, तीनच मागं.
सगळ्यांनी मानानं चेंडू निलोफरला दिला.
तीनच्या रेषेबाहेरून, सात वर्षांचा सगळा हात लावून
तिनं टाकला.

दोन बोटं.

अंधार पडला तरी ती एकटीच ग्राउंडवर.
मी स्कूटर वळवून हेडलाइट बोर्डावर धरला.
म्हटलं, पोरी, रिंग मी सरळ केली.
'कळलं, काका. तिसऱ्या शॉटलाच.'
मग?
'हात ऐकत नाही.'
चेंडू उचलत म्हणाली, 'लाइट हलवू नका.'

पेट्रोल काट्याखाली गेलेलं.
सतरावा आत पडला.
अठरावा पुन्हा डावीकडं.