शेवटचं कुणी बघितलं

हडर्सफील्डच्या इस्पितळात, सीटीच्या काचेआड बसून
मी माणसांची डोकी आतून बघते.
रक्त कुठे अडलं ते मशीन सांगतं.
कधी अडलं, ते घरच्यांनाच विचारावं लागतं.

क्लिफर्डचं डोरीनने बघितलं.
शब्दकोडं वाचता वाचता एक शब्द त्याच्या ओठांवरून घरंगळला,
तशी ती साबणाच्या हातानेच फोनकडे धावली,
आणि वेळ विसरायला नको म्हणून
भुवयांच्या पेन्सिलीने मनगटावर लिहिली: सात वीस.
ते मनगट तिने आम्हा प्रत्येकापुढे धरलं,
तिकीट तपासनिसाला पास दाखवावा तसं.
औषध वेळेत शिरेत गेलं.
चौथ्या दिवशी गडी वॉकर घेऊन
चहाच्या गाडीमागे निघाला.

मॉरीन ओल्डरॉइड आली गुरुवारी दुपारी,
कार्डिगनची एकच बाही चढवलेली.
बारा वाजले तरी पडदे बंद,
म्हणून शेजारच्या पोराने दार वाजवलं.
कागदावर आधीच कुणीतरी लिहिलेलं: चक्कर, घाबरलेली.
तिच्या तोंडून एकच शब्द शाबूत निघत होता,
सॉरी.
मशीनलासुद्धा म्हणाली.

शेवटची धडधाकट कधी दिसली?
असा एक रकाना असतो आमच्याकडे.
पोरगं म्हणालं, सोमवारी. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना.
साडेचार तासांच्या हिशेबात
सोमवार कसा बसवायचा?
डॉक्टरांनी पुढचे उपाय केले, नाही असं नाही.
उजवा हात मात्र राहिला तो राहिलाच.

आईचं म्हातारपण तिने बघितलं,
नवऱ्याचं आजारपण तिनेच बघितलं, अकरा वर्षांपूर्वीपर्यंत.
बघणाऱ्या बाईला बघायला
कोण उरतं?

सांगतात, बायकांचं वय जास्त असतं, म्हणून.
असेलही.
माझ्या काचेतून मेंदू बाईचा की पुरुषाचा
मला तरी ओळखू येत नाही.
मला डोरीनची काळजी वाटते.
तिचा ओठ खाली येईल तेव्हा
क्लिफर्ड उभा चार, पाच अक्षरी, शोधत असेल.

संध्याकाळी घरी आले. हेरंब मोबाइलवर मॅच बघत होता.
म्हटलं, मला शेवटचं कधी बघितलंस रे?
"आत्ता बघतोय की," म्हणाला,
स्कोअरवरून नजर न काढता.

बाथरूमच्या आरशापुढे उभी राहून
एकदा हसून घेतलं.
दोन्ही कोपरे वर गेले.
घड्याळ बघितलं.
आठला पाच कमी.