दोन आणि तीनच्या मधे

ऑक्टोबरात आमच्या बेटावर मेंढ्या कापतात.
तळघरात दिवा, दारात वारा,
आणि माझी आई बिल्ला, सत्तरीची,
बाह्या दुमडून रक्ताच्या बादलीपाशी.
हात कोपरापर्यंत आत. ढवळत राहायचं.
मीठ टाकायचं, पुन्हा ढवळायचं,
बोटांत तंतू अडकले की ओढून फेकायचे.
हात थांबला की संपलं.
साकळलेलं रक्त आतड्यात भरता येत नाही.

हे मी पोरवयापासून पाहिलेलं.
म्हणून कोपनहेगनला, सातव्या मजल्यावर,
त्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर हृदय काढलं
(चारांपैकी तीनच खोल्या, खालची एकटी राबणारी)
आणि म्हणाल्या, यापुढे फुफ्फुसांकडे रक्त
कुणी ढकलणार नाही, आपलं आपण जाईल, संथ,
जिथं रेंगाळेल तिथं साकळू शकतं,
तेव्हा मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.
माझ्या हाताला बादली आठवली.

सुन्निवा तेव्हा साडेतीनची.
छातीतून तीन नळ्या, मानेत एक,
ओठ पहिल्यांदाच गुलाबी.
रान्वा त्या ओठांकडे बघत बसायची,
मी डोळ्यांत तेल घालून पायांकडे:
डावी पोटरी उजवीहून जाड तर नाही,
अंगठा गार तर नाही.
रात्री परिचारिका येऊन तेच बघायची
आणि मला म्हणायची, झोपा.

शेजारच्या खाटेवर ग्रीनलंडचा एक मुलगा.
शुक्रवारी ठोकळे रचत होता.
शनिवारी त्याचा उजवा हात उठेना.
त्याच्या बापाचं नाव मला ठाऊक नाही.
आम्ही एकाच यंत्रातून कॉफी घ्यायचो.
त्या शनिवारनंतर
तो माझ्यासाठीही बटण दाबू लागला.

आता घरी. दर मंगळवारी बोटाला टोच,
थेंब पट्टीवर, यंत्र विचार करतं.
आकडा हवा दोन आणि तीनच्या मधे.
खाली गेला तर गुठळीची भीती,
वर गेला तर दाराच्या कडेची, गारगोटीची,
हलणाऱ्या दुधाच्या दाताची.
रान्वा कोबीची पानं मोजते, नोटा मोजाव्या तशी.
गोळी अर्धी, पाव, अर्धी.
फ्रिजवरच्या तक्त्यात एक दिवस तिचं अक्षर, एक दिवस माझं,
एका गुरुवारी कुणाचंच नाही.
त्या रिकाम्या चौकोनावरून
आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही.

यंदा सुन्निवा तळघरात उतरली.
मी सुरे फळीवर चढवले, सगळे,
मग कात्रीही, मग काचेची बरणीही.
तिने बाही दुमडली.
आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही,
पोरीचा हात धरून बादलीत घातला.
"गरम आहे."
मग बराच वेळ दोघी ढवळत राहिल्या.
"थांबलं तर?"
"साकळेल."
"माझं कोण ढवळतं?"

आई काय म्हणते याची मी वाट पाहिली.
आईने मीठ मागितलं.

मंगळवार. एक पॉइंट सात.
टोर्सहाव्नला फोन. पाव गोळी जास्त, शुक्रवारी पुन्हा.
बाहेर धुकं. हेलिकॉप्टर आज उडणार नाही,
रेडिओने दोनदा सांगितलं.
सुन्निवा उतारावर, टोपी कानांवर,
उरलेल्या एका मेंढीच्या मागे.
पळ, मी काचेआडून म्हणतो, पडू नकोस,
पळ, बसून राहू नकोस,
पडू नकोस,
पळ.