बहात्तर

पाच दहाची बस. खिडकीबाहेर रास अल खैमाचा डोंगर
अजून काळाच, खाणीचे दिवे तेवढे जागे.
मांडीवर डबा, डब्यावर औषधांच्या मात्रांची वही,
पोटात ते नेहमीचं,
कुणी ओला टॉवेल पिळत बसल्यासारखं.

बहीण म्हणते, तू रात्री खडे चावतेस.
खडे नाहीत गं, दाढा आहेत.
सकाळी जबडा उघडताना
गंजल्या बिजागरीसारखा कुरकुरतो.
न्हाणीच्या जाळीत केसांचा पुंजका,
तो मी कागदात गुंडाळून टाकते, आई बघायच्या आत.

पण आई मोजते.
केस नाही, कपाटातली पाकिटं.
तीन महिने एकही कमी झालं नाही.
काल दाराशी येऊन उभी राहिली, हातात उलथनं,
"कॉलेजात सगळं…" इथवर आली
आणि पोळी करपली म्हणून परत गेली.

कसं सांगू, आई, यात कुणी मुलगा नाहीये.
एक म्हातारा आहे, वॉर्ड चारमधला, खलफान नावाचा मच्छीमार.
त्याच्या शिरेत सुई घालताना माझा हात थरथरला
तर तोच मला म्हणाला, शुवय शुवय, पोरी,
जशी काही सुई मलाच टोचत होती.
त्याला मी रोज बजावते, छातीत दुखलं की लगेच सांगा,
अंगावर काढू नका.
अरबीत हे मला नीट सांगता येत नाही.
अंगावर काढण्याला त्यांच्यात काय म्हणतात
विचारायचं राहिलंय.

आज लॅबमध्ये एकमेकींची नाडी.
पूर्ण एक मिनिट, घड्याळाकडे बघून.
रवानच्या मनगटात काहीतरी पळत सुटलं होतं. एकशे आठ.
मग तिने माझी धरली. ओठ हलत राहिले, थांबले.
"काय लिहू?"
बहात्तर लिही.
तिचीही मी बहात्तरच लिहिली.

हनान मॅडमनी तेवीस कागद चाळले.
तेवीस वेळा बहात्तर.
"ही तर याची," म्हणाल्या
आणि पलंगावरच्या रबरी पुतळ्याचं बटण बंद केलं.
तेव्हा कळलं, केव्हाचा टिकटिकत होता तो.
रागावल्या नाहीत. बाही वर केली, हात पुढे धरला,
माझी मोजा.
मी मोजली.
आकडा त्यांनी विचारला नाही.

संध्याकाळी आईचा हात धरला, पिठाचा,
बांगडी वर सरकवून. सराव आहे, म्हटलं.
शाळेत वजन करताना मुलं उभी राहतात
तशी उभी राहिली ती, श्वास धरून.
कुकरची शिट्टी झाली, तिने गॅसकडे पाहिलंसुद्धा नाही.
"किती?"
बहात्तर, म्हटलं.

मग तिने माझं मनगट पकडलं.
तिला मोजता येत नाही, समोर घड्याळही नव्हतं,
बोटं चुकीच्या जागी, पार हाडावर.
सोडेना.