रात्रीचं रक्त

दहा वाजून गेले की आम्ही निघतो.
मी, दुधराम शिपाई, एक बॅटरी,
काचपट्ट्यांची लाकडी पेटी, स्पिरिटचे बोळे.
कुत्री आता ओळखतात,
भुंकतात ते नोकरी म्हणून.

झोपलेल्याचं रक्त लागतं आम्हाला.
दिवसा घ्यावं तर त्यात काही सापडत नाही.
हत्तीरोगाची पिल्लं उजेडी
फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत दडून असतात,
गाव निजलं, डास उठले
की निघतात, कातडीखाली येऊन थांबतात
फाट्यावर एसटीची वाट पाहावी तशी.

"दिवसा येता नाही येत का जी तुमाले?"
फुलवंताबाई वलथरे, घर नंबर एकेचाळीस,
डोळे न उघडता डावा हात पुढे करते.
मी अनामिका धरतो.
नाव नसलेल्या बोटातून वीस घनमिलिमीटर,
काचेवर तीन रेघा,
कडेला नंबर कोरून.

तिचा उजवा पाय चादरीबाहेर असतो.
"त्याले गरम होते," म्हणते ती,
जसा तो घरातला कोणी निराळा माणूस.
शिंगाडे काढत चौदा वर्षं तळ्यात उभा राहिलेला.

ट्रेनिंगला डॉक्टर मडावींनी
फळ्यावर दोन नद्या काढल्या होत्या.
लाल खडूची रक्ताची, तिला हृदय आहे,
ते ढकलतं, झोपेतही.
पांढऱ्या खडूची लसिकेची.
रक्तवाहिन्यांतून जे झिरपतं, पेशींच्या बांध्यांत साचतं,
ते वेचून ती परत रक्तात नेऊन सोडते.
तिला हृदय नाही.
मग घोट्यापासून गळ्यापर्यंत चढते कशी, सर?
"माणूस चालतो ना," ते म्हणाले.
पोटरी आवळते, श्वास खालीवर होतो,
आणि आत एकेक झडप
आपल्यामागे दार लावून घेते.

वाटेत जांघेत, काखेत, गळ्याशी गाठी.
तिथे पांढऱ्या पेशी थेंब न् थेंब तपासतात.
म्हणून ठेच अंगठ्याला आणि ठणका जांघेत.
आई त्याला अवधाण म्हणायची.
अवधान म्हणजे लक्ष, हे शाळेत कळलं.
शब्द एकच आहेत की दोन, मला ठाऊक नाही.
पण शरीराचं लक्ष जातं ते असं,
सुजून.

फुलवंताबाईच्या गाठींच्या तोंडाशी
केसासारखे जंत गुंडाळून राहिले पाच-सहा वर्षं.
मग मेले. पाणी उतरलं नाही.
"सांडवा बुजला का वरच्या बांध्या फुगतेच,"
हे तिनंच मला सांगितलं,
मी तिला समजवायला गेलो होतो तेव्हा.

पंधरा दिवसांनी सकाळी निकाल घेऊन जातो.
निगेटिव्ह, सलग तिसऱ्या वर्षी.
"म्हंजे नाही काही?"
रक्तात नाही, बाई.
"अन् पायात?"
मी रजिस्टर चाळतो.
पायाचा रकाना वेगळा आहे.

ती साबण घेते.
बोटांच्या फटी धुते, जुन्या लुगड्याच्या फडक्यानं टिपते,
घडीघडीतून, घाई न करता.
मग चालायला निघते. मीच सांगितलंय, चाला.
तळ्याच्या पाळीवर पावलं ऐकू येतात,
एक हलकं,
एक जड,
एक हलकं.
आत दारं लागत असतील.

दुधराम म्हणतो, साहेब, चहा निवते.