दोरीवरचा सदरा

रात्रपाळीचा भोंगा
आज अठराव्या दिवशीही वाजला.
आत कुणी नाही, तरी वाजतो.
बाबा अजून त्यावरच घड्याळ लावतात.

मी बदली कामगार.
म्हणजे कुणी आजारी पडलं,
कुणाच्या घरी मयत झाली,
की आमची चूल पेटते.
तीन वर्षं पहाटे फाटकावर उभा राहून
मी लोकांच्या तापाची वाट पाहिली आहे.
हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी जॉबर येऊन गेला.
चप्पल बाहेर काढली त्यानं, आमच्या घरात,
आणि मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसला.
(माग विकला त्याला सात वर्षं झाली.
खड्डा विकता आला नाही.
त्यात आता गोवऱ्या असतात.)
म्हणाला, उद्या पहिल्या पाळीला आत ये.
पक्कं तिकीट. साचा नंबर एकशे बारा.

एकशे बारा म्हणजे डोमाजीकाका.
धोटा डोळ्यांनी नाही, कानांनी बघायचा
हे त्यांनी शिकवलं.
तुटलेल्या धाग्याला जीभ न लावता गाठ,
ती त्यांचीच.
साडेचारशे साचे एकदम चालत असताना
मला त्यांचा साचा ओळखू यायचा,
जसा गर्दीत आपल्या माणसाचा खोकला.

आई काही बोलली नाही.
तेंदूच्या पानावर कात्री चालवत राहिली.
पुस्तकला आत गेली, उगाच भांडी घासत बसली.
उमरेडच्या पाहुण्यांनी हुंडा कमी केला होता,
फक्त एकच विचारलं होतं:
पोरीचा भाऊ पक्का आहे का?

बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले,
"मिलच्या कापडानं माहा माग बसवला,
अन् तू मिलसाठी झुरून रायला."
मग हसले.
मग खोकला.

बाहेर तांडापेठेच्या दिव्याखाली
गल्लीतले पोट्टे तणसाचा बडग्या बांधत होते.
उद्या पोळा, परवा मारबत.
त्यातला एक दारात आला, हाताला खळ लागलेली.
"दादा, जुना सदरा दे ना. बडग्याले घालाले."
कोणाचा बडग्या करून रायले?
"जो उद्या आत जाईन त्याचा.
नाव नाई ठरलं अजून."
डोमाजीकाकांचा नातू तो.
मला नीट बघून बोलला, की बोलून बघितलं,
समजलं नाही.

सदरा माझ्याकडे एकच.
खाकी. दोरीवर.

झोप आली नाही असं नाही, आली.
स्वप्नात एकशे बाराव्या साच्यावर मी
आणि कापडातून निघतोय नुसता तणस,
वार, दोन वार,
मोजणारा म्हणतो, चालेल, चालेल.

चार वाजता उठलो. कॉलर ओलीच होती.
तुटलेल्या बटणाच्या जागी
आईनं रात्रीतून दुसरं लावलेलं,
पांढरं, बाईच्या झंपराचं.
बडग्याच्या सदऱ्याला कुणी बटण लावत नाही.
डब्यात भाकरी दोन नाही, चार.
कुठल्याही दिवसाला पुरतील इतक्या.

बडग्या गल्लीच्या तोंडाशी उघडाच उभा होता.
पोट्टे ओट्यावर झोपलेले.
त्याच्यासमोरून जाताना मी वरचं बटण लावलं.
गार होतं म्हणून.

पाचपावलीचं फाटक बंद.
मालगाडी जाईपर्यंत
मी डबे मोजले, एकोणचाळीस.
आणखी असते तर बरं झालं असतं.

मिलसमोर चहाच्या टपरीवर
संपवाल्यांचा बाक.
जॉबर छोट्या दरवाजात, हातात वही.
डोमाजीकाकांनी माझा सदरा पाहिला,
बटण पाहिलं,
आणि बाकावर वीतभर सरकले.
विचारलं काहीच नाही.

मी डबा मधे ठेवला.

भोंगा वाजला
तसे पाय आपोआप उठले.
काकांचेही. हातातला चहा हिंदकळला.
आम्ही पुन्हा बसलो.

उमरेडला काय कळवायचं
ते अजून सुचलेलं नाही.