चौकट क्रमांक सात

सकाळी साडेपाचला विद्यापीठाची बस
आम्हाला उम्म अल कुवैनच्या खाडीपाशी उतरवते.
पाणी अजून मागे जातंय.
डॉक्टर शम्सा अबाया गुडघ्याशी खोचतात,
गमबूट चढवतात आणि म्हणतात,
पुस्तकं बसमध्ये. ओहोटी कुणासाठी थांबत नाही.

चौकट म्हणजे प्लंबरकडच्या पांढऱ्या पाइपचे चार तुकडे,
मीटरभर लांब, मीटरभर रुंद.
चिखलावर टाकायची आणि आतलं सगळं मोजायचं.
श्वासमुळं एकशे बारा.
खेकड्यांची बिळं एकोणतीस,
त्यातलं एक माझ्याच बुटाने बुजलं, मग अठ्ठावीस?
मैथा म्हणते, मालक घरात आहे, एकोणतीसच लिही.
रोपं तीन. एकाचा शेंडा उंटाने खाल्लेला.
बाटलीचं झाकण एक,
त्याला तक्त्यात रकाना नाही.

पहिल्या दिवशी मी मांडीपर्यंत रुतले होते.
होडीवाला खमीस हसला नाही.
म्हणाला, पाय उपटू नकोस, आडवी हो,
चिखलाला वाटू दे तू झोपायला आलीस.
तशी झोपले. तोंडावर आभाळ,
पाठीखाली नासक्या अंड्याचा वास,
कानाशी खेकड्यांची टिकटिक,
आणि सेमिस्टरभर न कळलेलं एक प्रकरण
ओल्या शर्टातून हळूहळू आत आलं.

पान चाटून बघा, डॉक्टर शम्सा सांगतात.
आम्ही चाटतो. मीठ.
झाड समुद्र पितं आणि मीठ पानावर आणून ठेवतं.
माझे बाबा हेच करतात, पगारावर,
बावीस वर्षं, पाणी गोडं करायच्या कारखान्यात, तिसऱ्या पाळीला.
आमच्या नळाला येणारा समुद्र
त्यांच्या हाताखालून येतो.
आणि काढलेलं मीठ कुठे जातं,
हे मी कधी विचारलं नव्हतं.

चौकट सात कारखान्याच्या अंगाला आहे.
पाण्याचा एक थेंब काचेवर, डोळा नळीला,
निळं जिथे संपतं तो आकडा वाचायचा.
बाकी सगळीकडे बेचाळीस, त्रेचाळीस.
इथे छप्पन्न.
काच पुसली. पुन्हा छप्पन्न.
मैथा दुसरीकडे बघत राहिली,
पेन्सिल माझ्या हातात होती.

रात्री बाल्कनीत बूट उलटे केले,
तर वाटीभर खाडी निघाली.
बाबा पाळीला निघालेले, डबा हातात.
थांबले. वाकून वास घेतला.
"तिवराचा चिखल," म्हणाले.
मला त्या झाडाची दोन नावं ठाऊक होती,
एक लॅटिन, परीक्षेपुरतं,
आणि अरबी कुर्म, जे ऐकून मला दर वेळी कासव आठवतं.
तिसरं आमच्याच घरात होतं,
कुणी हाक मारली नव्हती, एवढंच.
"देवगडला खाजणात निवट्या धरायचो," ते म्हणाले,
आणि चप्पल शोधू लागले.

मी वही पुढे केली.
त्यांनी चष्मा लावला, आकड्यावर बोट ठेवलं,
मग वरच्या ओळी, मग खालच्या,
लॉगशीट वाचतात तशी.
म्हणतील, तुमचं यंत्र बिघडलं असेल. मी वाट बघत होते.
"वेळ कुठाय?" ते म्हणाले.
"वेळेशिवाय आकडा म्हणजे नुसती तक्रार.
आम्ही पाणी सोडतो चारला.
सहाला छप्पन्न, म्हणजे बरंच पांगलेलं.
साडेचारला मोज."
लिफ्ट आली. दार धरून पुन्हा म्हणाले,
"आणि शाईने लिहू नकोस, फुटते."

गुरुवारी त्यांची सुट्टी आहे,
ओहोटी पहाटे चारच्या सुमाराची.
डॉक्टर शम्सांची परवानगी मिळाली.
खमीसला विचारलं, होडीत एक माणूस जास्त चालेल का.
चालेल, म्हणाला, पोहता येतं ना?
येतं. चिखलात चालताही येतं.
फक्त गमबूट लागतील,
दहा नंबरचे.