अखंड तार

कापायची नाही, इलियासचाचा म्हणायचे.
नखाएवढीच साल काढ.
ब्लेड फिरव, दाबू नकोस.

दांडिया बाजारातली दुपार.
डॅशबोर्डखाली मी उताणा,
पाय बाहेर उन्हात, तोंडात टॉर्च.
पिवळी तार, तिच्यावर निळी रेघ.
हिच्यावरच घड्याळ, रेडिओ, आतला दिवा.

साल सुटते. आत तांबं,
आजवर कुणी न पाहिलेलं.
टोच्याने त्याचे केस दुभागतो,
फटीतून नवी तार ओवतो, पिळतो.
एक केस तुटला तरी चाचांना कळायचं.
कसं, ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही.

टेप शोधताना बोटांना
वीतभर पुढे दुसराच जोड लागतो.
जुना, कापडी टेपचा,
टोक उलटं दुमडलेलं:
पुढच्याला नख घालता यावं म्हणून.
अख्ख्या बाजारात असं दुमडणारा
एकच माणूस होता.

"केटली वार, भाई?" बाहेरून मालक.
दातांत टॉर्च. नुसतं हूं म्हणतो.
जुन्याला हात लावत नाही.
माझ्या टेपचं टोक दुमडतो,
जरा वाकडंच.

बॅटरी जोडल्यावर घड्याळ
बारावर लुकलुकत राहतं.
किती वाजले, विचारतो.
मालक बाही वर सारतो.